गुप्तदान आणि गुपचूप दान

१४ मार्च २०२४ च्या संध्याकाळी निवडणूक आयोगाने रोख्यांच्या याद्या जाहीर केल्या. मुलाने त्या माझ्या फोनवर उघडून दिल्या आणि तो झोपायला गेला. मी मात्र नानाखेड्याच्या आमच्या घरात, इंदूर रस्त्यावरच्या शेवटच्या बसचे आवाज ऐकत, पानामागून पान वाचत बसले. व्यापाऱ्याची मुलगी आहे मी. आकड्यांची यादी दिसली की तिचा मेळ घातल्याशिवाय मला चैन पडत नाही.

पण मेळ लागेना. एका यादीत रोखे विकत घेणाऱ्यांची नावं आणि दुसऱ्या यादीत रोखे वटवणाऱ्या पक्षांची. कुणाचा रोखा कुणाकडे गेला, हे सांगणारा रकानाच नव्हता. जमेची बाजू एका वहीत आणि नावेची दुसऱ्या वहीत, मध्ये दुवा नाही, असा रोजमेळ आमच्या दुकानात कुणी लिहिला असता तर आप्पांनी त्या मुनिमाला दुसऱ्या दिवशी येऊ दिलं नसतं.

सकाळी शेजारचे भाईसाहेब भेटले. चिमनगंज मंडीत त्यांचा सोयाबीनचा व्यवहार आहे. मी तावातावाने यादीबद्दल बोलायला लागले, तर ते शांतपणे म्हणाले, "दीदी, इसमें नया क्या है? चंदा तो सबको देना पड़ता है." 'देना पड़ता है' हे शब्द मला लागले. कारण तेच शब्द, मराठीतून, मी माझ्या लहानपणी ऐकले होते.

सांगलीला आमचं हळदीचं अडत दुकान होतं. आप्पांचा रोजमेळ लाल कापडी बांधणीचा, अक्षर मोत्यासारखं. त्यात देवळातल्या सवालाची रक्कम असे, पांजरपोळाची असे, गणेशोत्सवाची वर्गणी असे. आणि निवडणूक जवळ आली की एक ओळ असे : 'स्मरणिका जाहिरात'. ती स्मरणिका घरात कधी आलेली मला आठवत नाही. आईने एकदा विचारलं, "अहो, छापलेलं पुस्तक तरी दाखवा की." आप्पा नुसते हसले.

१९७८ च्या विधानसभा निवडणुकीच्या वेळी मी शाळेत होते. एक माणूस दुकानात यायचा. त्याच्या खिशात छोटी वही असे. तो मागायचा नाही, आकडा सांगायचा. त्या वर्षी हळदीचा भाव पडला होता म्हणून आप्पांनी निम्मीच रक्कम दिली. माणसाने ती मुकाट्याने घेतली, वहीत काहीतरी लिहिलं आणि तो गेला. पुढच्या महिन्याभरात दुकानावर तीनदा तपासणी आली. काही सापडलं नाही, पण तपासणीच्या दिवशी काटा बंद, म्हणजे व्यवहार बंद. चौथ्या आठवड्यात आप्पांनी उरलेली निम्मी रक्कम पोचती केली. मी विचारलं, "पावती?" ते म्हणाले, "बाळ, ह्याची पावती घेतली तर आपणच अडकायचो."

ही आठवण मनात असल्यामुळेच, खरं सांगते, २०१८ च्या जानेवारीत निवडणूक रोखे आले तेव्हा मी त्यांच्या बाजूची होते. आमच्या महिला मंडळात मी तसं बोललेही. सरकारचं म्हणणं असं होतं की देणगीदाराचं नाव उघड झालं तर दुसरा पक्ष त्याच्यावर सूड उगवतो. म्हणून पैसा बँकेतून जावा, पण नाव गुप्त राहावं. मला वाटलं, आप्पांच्या वेळी असं काही असतं तर किती बरं झालं असतं. शिवाय आपल्याकडे गुप्तदानाला केवढा मान! सवालात मोठी बोली बोलणाऱ्याला टाळ्या मिळतात, पण मुनिमहाराज प्रवचनात सांगतात की दानाबरोबर मान आला की तो कषाय झाला. नाव न सांगता दिलेलं दान श्रेष्ठ. मग देशालाही गुप्तदान का नको?

माझी ही समजूत का बदलली, ते सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल.

राजकारणासाठी पैसा गोळा करणं यात मुळात पाप काही नाही. १९२१ मध्ये लोकमान्यांच्या नावाने टिळक स्वराज्य फंड उभा राहिला. गांधीजींनी एक कोटी रुपयांचं लक्ष्य ठेवलं होतं. त्यात आर्देशिर गोदरेज यांच्यासारख्यांची तीन लाखांची देणगी होती, तशीच घरोघरची लहान नाणीही होती. राज्य इंग्रजांचं होतं, काँग्रेसला पैसे देणं सुरक्षित नव्हतं. तरी लोकांनी उघडपणे दिलं. त्या पैशाने मिळणार काय होतं? परवाना नाही, कंत्राट नाही. मिळालाच तर तुरुंग. घेणाऱ्याच्या हातात सत्ता नव्हती. दान तेव्हा दानच होतं, कारण परत देण्यासारखं घेणाऱ्याजवळ काही नव्हतं.

स्वातंत्र्यानंतर घेणाऱ्याच्या हातात सत्ता आली आणि प्रश्न बदलला. १९५१–५२ च्या पहिल्या निवडणुकीत लोकसभेच्या उमेदवाराला बहुतेक राज्यांत २५,००० रुपयांपर्यंत खर्च करायची मुभा होती. म्हणजे खर्चाला कुंपण होतं. येणाऱ्या पैशाला मात्र नव्हतं.

तो प्रश्न पहिल्यांदा नीट विचारला गेला तो मुंबईत. टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला आपल्या मेमोरँडममध्ये बदल करून राजकीय पक्षांना देणगी द्यायचा अधिकार घ्यायचा होता. तेव्हा अशा बदलाला न्यायालयाची संमती लागे. जयंतीलाल रणछोडदास कोटीचा या भागधारकाने विरोध केला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात, मुख्य न्यायाधीश महंमद करीम छागला यांच्यापुढे आलं. साल १९५७. कायद्याच्या चौकटीत कंपनीला नाही म्हणता येईना, म्हणून छागलांनी परवानगी दिली. पण देताना आपली अस्वस्थता त्यांनी निकालातच लिहून ठेवली. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा : प्रौढ मताधिकाराच्या या देशात नुसता निवडून येणारा प्रतिनिधी सचोटीचा असून भागत नाही, मतदाराची सचोटीही जपावी लागते, मोठमोठ्या उद्योगांचा पैसा निवडणुकीत उतरला तर दोन्ही टिकणं कठीण, हा धोका वाढत जाऊन एक दिवस लोकशाहीचा गळा घोटेल. संसदेने वेळीच विचार करावा, असंही त्यांनी सुचवलं.

संसदेने केलाही. १९६० मध्ये कंपनी कायद्यात दुरुस्ती झाली. २५,००० रुपये किंवा मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या ५ टक्के, यांतली जी रक्कम मोठी असेल तिथपर्यंत देणगी देता येईल आणि ती हिशेबात दाखवावी लागेल. दोन साध्या गोष्टी : मर्यादा आणि नोंद. मला वाटतं, पुढची सगळी साठ-पासष्ट वर्षं आपण या दोनच गोष्टींशी खेळत आलो. कधी एक काढली, कधी दुसरी आणि शेवटी दोन्ही.

उघडपणाचा तो काळ कसा होता, याचं एक उदाहरण मला फार आवडतं. १९६१ मध्ये जे. आर. डी. टाटांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहून कळवलं की आम्ही काँग्रेसला देणगी देतोच, पण आता राजाजींच्या स्वतंत्र पक्षालाही देणार आहोत. लोकशाहीत एक चांगला विरोधी पक्ष हवा. नेहरूंना ते पटलं नाही, पण देणं हा तुमचा अधिकार आहे, असंच त्यांचं उत्तर होतं. देणगीदार विरोधकाला पैसे देतो आणि आधी पंतप्रधानांना तसं कळवतो! आज ही गोष्ट परीकथेसारखी वाटते. अर्थात टाटा हे टाटा होते. हळदीच्या अडत्याला असं पत्र लिहायची सोय नव्हती.

१९६९ मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारने कंपन्यांच्या राजकीय देणग्यांवर सरसकट बंदी घातली. उद्योगपती आणि राज्यकर्ते यांचं साटंलोटं तोडायचं, असं कारण सांगितलं गेलं. स्वतंत्र पक्षाची रसद तुटावी हाही हेतू होता, असं टीकाकार म्हणत आले. हेतू काहीही असो, परिणाम आमच्या रोजमेळात उमटला. पैसा थांबला नाही, फक्त चेकचा रोख झाला आणि देणगीची 'जाहिरात' झाली. पक्षांच्या स्मरणिकांत कंपन्या पानंच्या पानं विकत घेऊ लागल्या. आमचं दुकान काही कंपनी नव्हतं, ती बंदी आम्हाला लागूही नव्हती. पण एकदा स्मरणिकेची वाट पडली की तिच्यावरून लहानमोठे सगळेच चालतात. १९७८ मध्ये आयकर कायदा बदलला आणि पक्षाच्या स्मरणिकेतल्या जाहिरातीचा खर्च धंद्याचा खर्च म्हणून वजा करता येईनासा झाला. तेव्हापासून आप्पांच्या वहीत ती ओळ 'किरकोळ' या सदरात सरकली.

इकडे खर्चाचं कुंपणही तुटत होतं. ते किती गंभीर असू शकतं, याचा दाखला आमच्या मध्य प्रदेशातच आहे. द्वारकाप्रसाद मिश्र १९६३ मध्ये कसडोलच्या पोटनिवडणुकीत निवडून आले आणि राज्याचे मुख्यमंत्री झाले. १९६९ मध्ये ते पुन्हा मुख्यमंत्री होणार अशी चिन्हं असतानाच, त्या पोटनिवडणुकीत मर्यादेबाहेर खर्च केला म्हणून उच्च न्यायालयाने त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. सर्वोच्च न्यायालयानेही तो कायम केला. सहा वर्षांपूर्वीच्या एका पोटनिवडणुकीचा हिशेब एवढ्या मोठ्या नेत्याच्या आड आला. कायद्याला तेव्हा दात होते.

ते दात काढले गेले १९७४ मध्ये. कंवरलाल गुप्ता यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की उमेदवाराच्या प्रचारासाठी त्याच्या संमतीने पक्षाने केलेला खर्चही उमेदवाराच्याच खात्यात धरायचा. निकाल ३ ऑक्टोबरचा. त्याच महिन्यात सरकारने वटहुकूम काढून तो निरर्थक करून टाकला : पक्षाने किंवा मित्राने केलेला खर्च उमेदवाराचा नव्हे. मग मर्यादा राहिली कशाला? पुढे १९९३ मध्ये, अहमदनगरच्या १९९१ च्या लोकसभा निवडणुकीवरून झालेल्या गडाख–विखे पाटील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट सांगितलं. त्या खटल्याचा मुख्य मुद्दा प्रचारातल्या आरोपांचा होता. पण जाता जाता न्यायालय म्हणालं की कायदा वस्तुस्थितीला पुरा पडत नाही, उमेदवाराचा खर्च मोजायचा आणि बाकीच्यांचा सोडून द्यायचा, ही नुसती धूळफेक आहे. २००३ मध्ये हे भगदाड बरंचसं बुजवलं गेलं. तरी पक्षाच्या एकूण खर्चाला आजही मर्यादा नाही. आमच्या उज्जैनच्या लोकसभा उमेदवाराला ९५ लाखांचा हिशेब द्यावा लागतो. त्याच्या पक्षाला कितीही उधळता येतात.

देणग्यांची बंदी १९८५ मध्ये उठली. पुन्हा नफ्याच्या ५ टक्क्यांची मर्यादा, पुन्हा नोंद. २००३ मध्ये २०,००० रुपयांवरच्या देणग्यांची यादी निवडणूक आयोगाला देणं पक्षांना भाग पडलं आणि देणगीदाराला आयकरात सूटही मिळाली. २०१३ च्या कंपनी कायद्याने मर्यादा साडेसात टक्के केली. पळवाटा होत्याच. १९,९०० रुपयांच्या निनावी पावत्या कितीही फाडता येत. पण दिशा बरी होती. कागदावर तरी मर्यादा आणि नोंद दोन्ही होत्या.

२०१७ च्या वित्त कायद्याने दोन्ही काढल्या. साडेसात टक्क्यांची अट गेली. म्हणजे तोट्यातली कंपनीसुद्धा हवी तेवढी देणगी देऊ शकणार. कुठल्या पक्षाला दिली हे हिशेबात लिहायची अटही गेली. निनावी रोख देणगीची मर्यादा २०,००० वरून २,००० वर आणली, ही त्यातली चांगली बाब. पण समोरचं दार अरुंद करून परसदारी फाटक उघडलं. एक हजारापासून एक कोटीपर्यंतचे रोखे, फक्त स्टेट बँकेत मिळणारे, पंधरा दिवसांत पक्षाने वटवायचे. पक्षाने देणाऱ्याचं नाव जाहीर करायची गरज नाही. निवडणूक आयोगाने २०१७ मध्येच हे मागे नेणारं पाऊल असल्याचं सरकारला लिहून कळवलं होतं. रिझर्व्ह बँकेनेही हरकत घेतली होती.

आणि लहान माणसाने ते किती वापरले? विकलेल्या रोख्यांच्या एकूण रकमेत ९० टक्क्यांहून अधिक वाटा एक कोटीच्या रोख्यांचा होता. हे वाचलं तेव्हा मी पहिल्यांदा थबकले. आप्पांसाठी म्हणून मी ज्या योजनेचं कौतुक करत होते, ती आप्पांसाठी नव्हतीच.

मग १५ फेब्रुवारी २०२४ चा निकाल आला. असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स, कॉमन कॉज, मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष आणि आमच्या मध्य प्रदेशातल्या काँग्रेसच्या जया ठाकूर हे अर्जदार. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्यासह पाच न्यायाधीशांनी एकमताने योजना घटनाबाह्य ठरवली. मतदाराला माहितीचा अधिकार आहे आणि कंपन्यांना अमर्याद देणग्यांची मोकळीक देणं मनमानी आहे, हे निकालाचे दोन खांब. पण मला भिडलं ते वेगळंच. न्यायालयाने म्हटलं, हा रोखा पक्षापासून गुप्त राहतच नाही. देणारा तो स्वतः पक्षाच्या हातात देऊ शकतो, दिल्याचं सांगू शकतो. गुप्तता राहते ती फक्त मतदारापासून.

हे वाचताना माझ्या डोळ्यांपुढे ती छोटी वही आली. आप्पा कुणाला भीत होते? गल्लीतल्या लोकांना? वर्तमानपत्राला? नाही. ते भीत होते त्या वहीवाल्याला. कोणी किती दिलं, कोणी कमी दिलं, हे ज्याला आधीपासून ठाऊक होतं त्यालाच. आमचं देणं सगळ्या गावापासून लपलेलं होतं, फक्त ज्याच्यापासून लपायला हवं त्याच्यापासून नव्हतं. त्या लपण्याने आप्पांना काडीचं संरक्षण दिलं नाही. उलट तपासणी तीनदा का आली, हे त्यांना कुणाला सांगताही आलं नाही. कारण सांगायचं तर आधी देणगी कबूल करावी लागली असती. निवडणूक रोख्यांनी ती वही नाहीशी केली नाही. तिला बँकेचा शिक्का दिला.

स्टेट बँकेने तपशील द्यायला ३० जूनपर्यंत मुदत मागितली, म्हणजे निवडणूक उलटून गेल्यावर. न्यायालयाने ११ मार्चला ती नाकारली. १४ मार्चला माझ्या हातात आलेल्या त्या दोन अर्धवट याद्या आणि २१ मार्चला रोख्यांचे क्रमांक. तेव्हा कुठे मेळ लागला. २२,२१७ रोखे, १२,००० कोटींहून अधिक रक्कम. सर्वांत मोठा वाटा केंद्रातल्या सत्ताधारी पक्षाचा. पण ज्या राज्यात जो सत्तेत, त्याच्याकडेही ओघ होताच. तपास यंत्रणांचे छापे पडल्यावर रोखे घेतलेल्या कंपन्या निघाल्या, नफ्याहून देणगी मोठी अशाही निघाल्या. प्रत्येक ठिकाणी देवाणघेवाणच झाली, असं मी म्हणणार नाही. ते सिद्ध करणं न्यायालयाचं काम. १३ मेला उज्जैनचं मतदान झालं. रांगेत उभी राहताना निदान एवढं तरी मला ठाऊक होतं, जे २०१९ मध्ये ठाऊक नव्हतं.

भाईसाहेबांना मी हे सगळं सांगितलं. त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. ते म्हणाले, नाव उघड झालं तर उद्या दुसरा पक्ष आला की आमचं काय? रोखे गेले तरी त्यांची ही भीती गेलेली नाही. इलेक्टोरल ट्रस्ट आहेत, रोख आहे. पैसा वाट शोधतोच. या भीतीला माझ्यापाशी एकच उत्तर आहे आणि ते लहानपणी पाठशाळेत शिकलेलं. दान चार प्रकारचं : आहार, औषध, ज्ञान आणि अभय. व्यापाऱ्याला लपायला जागा नको आहे, अभय हवं आहे. कमी दिलं म्हणून तपासणी येणार नाही, विरोधकाला दिलं म्हणून परवाना अडणार नाही, याची हमी. ती सरकारने द्यायची असते. ती द्यायची नाही आणि वर 'तुमचं नाव लपवतो' म्हणायचं, हे म्हणजे चोराने घरमालकाला कुलूप भेट देण्यासारखं.

आमच्या देवळात गुप्तदान येतं तेव्हा खजिनदार म्हणून मीच ते लिहिते. नावाच्या जागी 'गुप्तदान' असतं, पण रकमेपुढे आकडा असतो आणि वर्षाच्या शेवटी तो सगळ्यांपुढे वाचला जातो. देणाऱ्याला देवाकडून कंत्राट घ्यायचं नसतं, म्हणून नाव झाकलेलं चालतं. जिथे घेणारा उद्या परत काही देऊ शकतो, तिथे ते चालत नाही. ते गुप्तदान नव्हे, गुपचूप दान.

आप्पांचा १९७८ चा रोजमेळ मी सांगलीहून येताना बरोबर आणला होता. परवा काढून पाहिला. फेब्रुवारीत 'स्मरणिका जाहिरात' आहे, मार्चमध्ये 'किरकोळ' आहे. रक्कम दोन्हीकडे सारखीच. कुणाला दिली, ते लिहिलेलं नाही.